चौथ्या सीटवरचा इलेक्ट्रॉन

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी सोडियम-आयन बॅटरीची बातमी टाकली, लिथियम महाग, सोडियम काय मिठातूनही मिळतो, आता गाड्या मिठावर चालणार वगैरे, आणि दहा मिनिटांत भाचीचा फोन. अकरावी सायन्सला आहे ती. म्हणाली, "मावशी, पुस्तकातल्या टेबलात सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ लागतात आणि लिथियमचा काढायला ५२०. म्हणजे सोडियमचा इलेक्ट्रॉन जास्त सहज निघतो ना? मग इतकी वर्षं सगळे लिथियमच्याच मागे का?"

प्रश्न इतका नेमका होता की मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. फोनवर उरकण्यातला नव्हताच, म्हटलं रविवारी भांडुपला ये, वही घेऊन ये. आली. त्या दिवशी जे बोलणं झालं ते इथे लिहून काढतेय, कारण मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते आणि दरवर्षी बघते की या धड्यात मुलं सगळ्यात जास्त पाठांतर करतात, आणि पाठांतराची गरज सगळ्यात कमी कुठे असेल तर ती इथेच. दोन-तीन गोष्टी नीट कळल्या की टेबलातला प्रत्येक आकडा आपण होऊन बोलायला लागतो.

४९६ म्हणजे नक्की किती आणि कशाचे?

अणूच्या मधोमध केंद्रक असतं, त्यात प्लस चार्जचे प्रोटॉन. बाहेर मायनस चार्जचे इलेक्ट्रॉन. प्लस-मायनस एकमेकांना ओढतात, म्हणून इलेक्ट्रॉन अणूला धरून असतो. त्यातला सगळ्यात सैल इलेक्ट्रॉन उपटून पार लांब नेऊन सोडायचा तर जितकी ऊर्जा खर्च होते तिला आयनायझेशन एनर्जी म्हणतात, मराठी पुस्तकात आयनीभवन ऊर्जा. मी पुढे तिला सरळ 'किंमत' म्हणणार आहे. इलेक्ट्रॉन गेल्यावर जो उरतो तो आयन. आणि हा सगळा हिशोब सुट्या, वायूरूपातल्या अणूंचा असतो, धातूच्या तुकड्याचा नाही, हे लक्षात ठेवा, शेवटी त्याचंच काम पडणार आहे.

आकडे किलोज्यूल प्रति मोल मध्ये असतात. मोल म्हणजे डझनसारखा मोजायचा एक गठ्ठा, फक्त प्रचंड मोठा, ६०२२ वर वीस शून्यं. सोडियमचे एवढे अणू म्हणजे जेमतेम २३ ग्रॅम. या २३ ग्रॅममधल्या प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल, आणि एवढ्या ऊर्जेत आपल्या नळाचं दीड लिटरहून जरा जास्त पाणी उकळीला येतं. हेलियमच्या ४ ग्रॅमसाठी तोच आकडा २३७२ आहे, म्हणजे पावणेआठ लिटरचं भलं मोठं पातेलं. चार ग्रॅम वायूसाठी!

इलेक्ट्रॉन हलवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं, यात मुलांची फार गल्लत होते. एलईडी यायच्या आधी मरीन ड्राइव्हवर जे सोडियमचे पिवळे दिवे होते ना, त्यात सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर ढकलला जायचा आणि परत खाली येताना पिवळा प्रकाश सोडायचा. एवढ्याला २०३ किलोज्यूलच पुरतात. अणू सोडून जायला ४९६.

इलेक्ट्रॉन बसतात कुठे?

सूर्याभोवती ग्रह फिरतात तसं जे चित्र लहानपणी दाखवतात ते आता बाजूला ठेवा. इलेक्ट्रॉन ठरलेल्या गोल रस्त्याने फिरत नाही, तो केंद्रकाभोवती ढगासारखा पसरलेला असतो, कुठे दाट कुठे विरळ. या ढगांचे ठरावीक आकार असतात आणि अशा एका आकाराला कक्षक म्हणतात. आपण 'जागा' म्हणू. १९२५ मध्ये पाउली या शास्त्रज्ञाने नियम मांडला त्याचा आपल्यापुरता अर्थ इतकाच की एका जागेत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, तिसऱ्याला तिथे थारा नाही.

जागांचे थर असतात, त्यांना कवच म्हणतात. सगळ्यात आतल्या कवचात एकच जागा, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन. दुसऱ्या कवचात चार जागा: एक एस प्रकारची आणि तीन पी प्रकारच्या, मिळून आठ इलेक्ट्रॉन. पुढे डी प्रकारच्या पाच आणि एफ प्रकारच्या सात अशा जागा येतात. भरताना साधारण स्वस्त जागा आधी. एवढंच आहे इलेक्ट्रॉन संरूपण, ज्याचं नाव ऐकून मुलांच्या पोटात गोळा येतो.

आता त्या तीन पी जागा. मुंबईच्या माणसाला या समजावून सांगायची गरजच नाही, आपण रोज त्यावर बसतो. लोकलचं बाकडं तिघांचं. पहिली बाई आली, बसली. दुसरी आली तर ती पहिलीला चिकटून बसते का? नाही, मोकळी जागा आहे ना. तिसरीही आपली आपली जागा घेते. तिघी आरामात, पर्स मांडीवर, मोबाईल हातात. मग येते चौथी. भांडुपला चढणाऱ्यांच्या नशिबी बहुतेक हीच असते कारण गाडी कल्याणपासून भरून आलेली. "जरा सरकता का?" म्हणायचं, तिघी एकेक इंच सरकतात, आणि आपण अर्ध्या मांडीवर टेकतो, एक पाय पॅसेजमध्ये ताणलेला, घाटकोपरला गर्दी आत घुसली की खांद्याला प्रत्येक पिशवी घासून जाते. आपण बसलोय, पण बसलेलो नाही.

पी कक्षकांचं हुबेहूब असंच आहे. पहिले तीन इलेक्ट्रॉन तीन जागांवर एकेकटे बसतात, याला हुंडचा नियम म्हणतात. चौथ्याला कुणाच्या तरी जागेत घुसावं लागतं, आणि दोघंही मायनस असल्याने एकमेकांना ढकलत राहतात. फरक एवढाच की लोकलमध्ये चौथीवर गाडी थांबते, अणूत पाचवा-सहावाही बसतो. हे बाकडं लक्षात ठेवा.

पण हे कुणी बघितलंय का?

दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, आणि विचारायलाच हवं. कवचं वगैरे कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. पण किमती मोजता येतात, आणि किमतीच सगळं सांगून टाकतात.

सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन. एकामागून एक काढत चला. पहिला ४९६. दुसरा ४५६२, एकदम नऊपट! तिसरा ६९१०. मग प्रत्येक वेळी किंमत थोडी थोडी वाढत जाते, ते साहजिकच आहे, मायनसवाले कमी होत जातात आणि केंद्रकातले ११ प्रोटॉन तेवढेच राहतात, त्यामुळे उरलेल्यांवरची पकड घट्ट होत जाते. नववा २८,९३२. आणि दहावा? १,४१,३६२. परत एक प्रचंड उडी. अकरावा १,५९,००० च्या घरात.

उड्या दोनच: पहिल्यानंतर आणि नवव्यानंतर. म्हणजे एक इलेक्ट्रॉन सगळ्यात बाहेर सैल, त्याच्या आत आठांचा गट, त्याच्या आत दोन, केंद्रकाला अगदी बिलगलेले. २, ८, १. मी मुलांना हे अकरा आकडे फळ्यावर लिहून देते आणि विचारते, भिंती कुठे आहेत दाखवा. नवी मुंबईचा एक मुलगा, एरवी शेवटच्या बाकावर गप्प बसणारा, उठून आला आणि त्याने खडूने दोन उभ्या रेघा मारल्या, बरोबर जागी. पुस्तकातलं संरूपण त्याने पुस्तकाशिवाय शोधलं होतं. असं काही घडलं की शिकवल्यासारखं वाटतं.

किंमत ठरते कशी? लालबागची रांग बघा

गणपतीत लालबागला गेलेल्या माणसाला हा भाग लगेच कळतो. तुम्हाला राजा किती नीट दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: मूर्ती केवढी आहे, तुम्ही किती लांब आहात, आणि तुमच्या पुढे किती डोकी आहेत. शेजारी उभा असलेला माणूस फारसा आडवा येत नाही, आडवा येतो तो पुढचा.

इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची ओढ अशीच ठरते. प्रोटॉन जास्त तर ओढ जास्त. अंतर जास्त तर ओढ कमी. आणि आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन बाहेरच्याला उलट बाहेर ढकलतात, केंद्रकाची ओढ झाकून टाकतात, याला शिल्डिंग म्हणतात. त्याच कवचातले शेजारी मात्र फार कमी झाकतात. लिथियमच्या केंद्रकात ३ प्रोटॉन, पण बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवते ती साधारण १.३ प्रोटॉनइतकीच ओढ, बाकीची आतल्या दोघांनी झाकली.

आता पिरिऑडिक टेबलमध्ये डावीकडून उजवीकडे चला. प्रत्येक घरात एक प्रोटॉन वाढतो आणि एक इलेक्ट्रॉन वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात, म्हणजे शेजारी उभा राहतो, पुढे नाही. मूर्ती मोठी होत गेली, पुढची डोकी तेवढीच. ओढ वाढणारच. म्हणून लिथियम ५२० पासून निऑन २०८१ पर्यंत किंमत चौपट होते.

वरून खाली चला तर प्रत्येक वेळी नवं कवच. प्रोटॉन वाढतात खरे पण पुढची गर्दीही वाढते आणि अंतरही. लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६. कॉलेजच्या लॅबमध्ये सोडियमचा तुकडा रॉकेलमधून चिमट्याने काढून पाण्यावर टाकताना पाहिला असेल तर आठवा, सुरीने लोण्यासारखा कापला जातो, कापलेला भाग आरशासारखा चमकतो आणि बघता बघता मंद पडतो, कारण हवेने त्याचे बाहेरचे इलेक्ट्रॉन घेतले सुद्धा. पोटॅशियम तर पाण्यावर पडताच जांभळट ज्योत धरतो.

या स्वस्त इलेक्ट्रॉनवर आपले शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये केवढं मोठं काम केलं हे शाळेत कुणी नीट सांगत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. सूर्याच्या प्रकाशात रुबिडियम आणि सिझियमच्या खुणा सापडत नव्हत्या. साहांनी दाखवलं की सूर्याच्या बाहेरच्या थरात एवढी उष्णता आहे की हे अणू इलेक्ट्रॉन गमावून बसतात, म्हणून अख्ख्या अणूची खूण दिसत नाही, सूर्यावरच्या डागांत शोधा, तिथे गारवा जरा जास्त. रुबिडियम नंतर तिथेच सापडला. इलेक्ट्रॉनची किंमत माहीत असली की तापमान आणि दाब धरून किती अणू फुटलेले असतील ते काढता येतं, आणि ताऱ्यांचं तापमान वाचायला त्याच समीकरणाचा आधार मिळाला.

मग बोरॉन आणि ऑक्सिजन नियम का मोडतात?

भाचीच्या वहीत हे लाल पेनाने चौकटीत होतं: 'अपवाद, पाठ करणे'. बेरिलियम ८९९ पण बोरॉन ८०१. नायट्रोजन १४०२ पण ऑक्सिजन १३१४. किंमत चढत जायच्या ऐवजी दोनदा घसरते. मी तिला म्हटलं, तो 'अपवाद' शब्द आधी खोड. हे नियम मोडत नाहीत, आपण जे नियम आत्ता बोललो तेच पाळतायत.

बोरॉनसाठी परत लालबागला जाऊ. तिथे दोन रांगा असतात, नवसाची आणि मुखदर्शनाची. नवसाची रांग थेट पायांपर्यंत जाते, मुखदर्शनाची लांबूनच पुढे सरकते. एकाच मंडपात, पण एकीत पायाला हात लागतो आणि दुसरीत नाही. एस आणि पी मध्ये नेमका हाच फरक आहे. एस ढगाचा थोडा भाग पार केंद्रकापर्यंत पोचतो, आतल्या गर्दीच्या पलीकडे. पी ढग केंद्रकापाशी शून्य असतो, तिथे तो कधी नसतोच. त्यामुळे एकाच कवचात असूनही पी वाल्यावर पकड कमी. बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस मध्ये. बोरॉनचा पाचवा हा पहिला पी वाला, मुखदर्शनाच्या रांगेत लागलेला. तो स्वस्तात निघतो.

ऑक्सिजनचं तर तुम्हीच सांगाल. बोरॉनचा एक पी, कार्बनचे दोन, नायट्रोजनचे तीन, बाकडं भरलं, सगळे एकेकटे आरामात. ऑक्सिजनचा चौथा. चौथी सीट! घुसून बसलेला, जागा वाटून घेणारा, शेजाऱ्याच्या धक्क्यात असलेला. त्याला उठवायला कमी लागतं.

इथे मला पुस्तकांबद्दल एक तक्रार आहे. बहुतेक गाईडमध्ये लिहिलेलं असतं की नायट्रोजनचं पी अर्धं भरलेलं असतं, आणि अर्धं भरलेलं स्थिर असतं. मुलं ते जसंच्या तसं उतरवतात आणि मार्क मिळतात, पण हे कारण नाही, हे त्याच गोष्टीला दिलेलं दुसरं नाव आहे. आकडे ग्राफवर मांडा. बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, दर पायरीला तीनशेच्या आसपास चढ. याच चालीने गेलं असतं तर ऑक्सिजन सतराशेच्या पुढे हवा होता. आहे १३१४, चारशेने खाली. मग फ्लुओरिन १६८१, निऑन २०८१, परत तसाच चढ. म्हणजे दोन तिरक्या रेघा आहेत, जवळजवळ समांतर, दुसरी पहिलीपेक्षा खाली सरकलेली. नायट्रोजन काही वर उडी मारून बसलेला नाही, तो आपल्या रेघेवर बरोबर आहे. चौथ्यापासून पुढचे सगळे एका धक्क्याने खाली आलेत.

आणि ही समजूत खरी आहे का ते पिरिऑडिक टेबलच्या पुढच्या ओळीत तपासता येतं. ॲल्युमिनियम ५७८, सिलिकॉन ७८६, फॉस्फरस १०१२, मग सल्फर १०००. तोच खड्डा त्याच जागी, पण आता फक्त बारा किलोज्यूलचा. का? कवच मोठं, ढग जास्त पसरलेले, बाकडंच लांब, मग चौथा आला तरी तेवढं टोचत नाही. पाठ केलेल्याला हे कधी सुचणार नाही. (एकटे बसलेले तिघं एकाच फिरकीचे असतात आणि एकाच फिरकीचे इलेक्ट्रॉन आपसूक एकमेकांपासून लांब राहतात, ही क्वांटमची बाजूही यात आहे. अकरावीला एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.)

"पण सोडियमला तर इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो ना?"

हे वाक्य भाची म्हणाली, सगळेच म्हणतात. सोडियमला एक द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, दोघांचे आठ पूर्ण होतात आणि दोघं खुश. ऐकायला गोड आहे, पण हिशोब मांडा. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ घालायचे. तो क्लोरीनला दिला की ३४९ परत मिळतात. १४७ चा तोटा! सुटा सोडियम अणू आणि सुटा क्लोरीन अणू लांब लांब ठेवले तर देवाणघेवाण होणारच नाही. कुठल्याही अणूला इलेक्ट्रॉन फुकट द्यायचा नसतो, टेबलात आयनायझेशन एनर्जीचा एकही आकडा शून्याखाली नाही.

मग मीठ बनतं कसं? आमच्या भांडुप-कांजूरच्या मिठागरांतलं समुद्राचं पाणी आटलं की चौकोनी खडे उरतात, त्या खड्यात उत्तर आहे. प्लस सोडियम आणि मायनस क्लोराइड जाळीसारखे एकाआड एक रचले जातात, प्रत्येकाच्या भोवती उलट्या चार्जचे सहा, आणि या रचण्यातून ७८७ किलोज्यूल सुटतात. पूर्ण हिशोब असा: सोडियम धातूची वाफ करायला १०७, क्लोरीनची जोडी फोडून त्यातला एक अणू घ्यायला १२१, इलेक्ट्रॉन काढायला ४९६, एकूण खर्च ७२४. जमा: ३४९ आणि ७८७, एकूण ११३६. शिल्लक ४१२. आणि प्रयोगात मोजलेला आकडा ४११ येतो. मला हा हिशोब अजूनही दरवेळी फळ्यावर मांडताना आनंद होतो.

सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, दोन का नाही, तेही याच वहीत आहे. दुसऱ्याची किंमत ४५६२, ती भरून निघेल इतकं कुठलीच जाळी परत देत नाही. मॅग्नेशियमचा पहिला ७३८, दुसरा १४५१, हे परवडतं, तिसरा ७७३३, नाही परवडत. म्हणून मॅग्नेशियम दोनवर थांबतो.

झवेरी बाजारात नियम उलटा

वरून खाली किंमत कमी होते म्हटलं ना, मग तांबं ७४५, चांदी ७३१, आणि त्याखाली सोनं किती हवं? कमी. आहे ८९०. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन, आणि चांदीपासून सोन्यापर्यंत येताना मध्ये १४ एफ इलेक्ट्रॉन भरले जातात जे झाकण्याच्या कामात फार कच्चे असतात, त्यामुळे ओढ वाढते. शिवाय एवढ्या जड केंद्रकाजवळचे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाचे असतात, आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते, एस ढग आणखी आत आकसतात, आणि बाहेरचा एस इलेक्ट्रॉन घट्ट धरला जातो. आईची चांदीची पैंजणं मुंबईच्या हवेत काळी पडतात आणि आजीची नथ तशीच राहते, त्यामागे बाकीचीही कारणं आहेत, पण हा ८९० चा आकडा त्यातलं मोठं कारण आहे. सोन्याचा पिवळा रंगसुद्धा याच आकसण्यामुळे.

एवढं समजून करायचं काय?

१९६२ सालापर्यंत रसायनशास्त्राच्या पुस्तकांत छापलेलं असायचं की झेनॉनसारखे नोबल गॅस कुणाशीच संयोग करत नाहीत. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट नावाचा तरुण संशोधक प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडवर काम करत होता. तो लाल वायू इलेक्ट्रॉन इतक्या जोरात ओढणारा निघाला की त्याने चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतला. बार्टलेटने किमतींचा तक्ता बघितला. ऑक्सिजनच्या रेणूची सुमारे ११६५. आणि झेनॉनची ११७०. फक्त पाचाचा फरक! ज्याने ११६५ चा काढला तो ११७० चा का नाही काढणार? त्याने लाल वायू आणि रंगहीन झेनॉन एकत्र सोडले, आणि पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. कुणाशी न बोलणाऱ्या वायूचं पहिलं खरं संयुग. तक्ता सगळ्यांकडे होता. पाठ तर कित्येकांना असेल.

आता भाचीचा प्रश्न: मग लिथियम का?

सोडियमचा इलेक्ट्रॉन स्वस्त, हे खरं. पण ते ४९६ आणि ५२० सुट्या, वायूरूपातल्या अणूंचे. बॅटरीत सुटा अणू नसतो, आणि निघालेला आयन हवेत तरंगत नाही, तो द्रवात उतरतो आणि द्रवातले रेणू त्याला घेरतात. या घेरण्यातून ऊर्जा सुटते, आणि आयन जितका लहान तितके रेणू जास्त जवळ येतात, तितकी ऊर्जा जास्त. लिथियमचा आयन चिमुकला आहे. बॅटरीत पाणी नसतं, दुसरे द्रव असतात, पण विचार हाच, आणि पाण्याचे आकडे पुस्तकात मिळतात म्हणून आम्ही तेच घेतले.

लिथियम: धातूपासून सुटा अणू करायला १५९, इलेक्ट्रॉन काढायला ५२०, पाण्यात उतरल्यावर परत साधारण ५२०. निव्वळ खर्च १५९. सोडियम: १०७ अधिक ४९६, परत साधारण ४०६ च. निव्वळ १९७. म्हणजे इलेक्ट्रॉन महाग असूनही सगळा सौदा लिथियमचाच स्वस्तात पडतो! म्हणूनच व्होल्टच्या तक्त्यात, म्हणजे धातू पाण्यात उतरताना इलेक्ट्रॉन किती सहज सोडतो ते व्होल्टमध्ये मांडणाऱ्या तक्त्यात (जितका जास्त उणे तितकं सोपं), लिथियम उणे ३.०४ आणि सोडियम उणे २.७१ वर. त्यात लिथियमचं वजन ७ आणि सोडियमचं २३, तेवढाच चार्ज वाहायला तिप्पट ओझं. बॅटरीतल्या नेहमीच्या ग्राफाइटमध्ये सोडियम नीट शिरतही नाही, त्याच्यासाठी वेगळा, हार्ड कार्बन म्हणतात तो वापरावा लागतो. सोडियम स्वस्त आहे, मुबलक आहे, वजनाचं फार अडत नाही तिथे, म्हणजे जागेवर ठेवलेल्या मोठ्या बॅटऱ्यांत, त्याचं काम नक्की होईल असं मला मनापासून वाटतं. पण ते ४९६ मुळे नाही.

भाची बराच वेळ वहीकडे बघत होती. मग म्हणाली, "थांब, पोटॅशियमचं मी करते." पुस्तकातून तिने आकडे काढले: ८९, ४१९, आणि पाण्यात उतरल्यावर परत ३२२. बेरीज-वजाबाकी केली, उत्तर आलं १८६. लिथियमच्या १५९ आणि सोडियमच्या १९७ च्या मध्ये. "म्हणजे व्होल्टच्या तक्त्यात पोटॅशियम या दोघांच्या मध्ये हवा. पण पिरिऑडिक टेबलात तर तो सोडियमच्या खाली आहे, असं कसं असेल?" मी काहीच बोलले नाही, पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिने मागची पानं उलटली, बोट ठेवून ओळ शोधली.

उणे २.९३.